कच कुणी खाल्ली?

११ जुलै २०२१, लंडनचं वेम्बली स्टेडियम, युरो स्पर्धेची फायनल. इटली आणि इंग्लंड एक्स्ट्रा टाइमनंतरही १-१ वर अडकलेले, म्हणून पेनल्टी शूटआउट. इटलीकडून पाचवी पेनल्टी घ्यायला जॉर्जिन्यो आला. ही आत गेली असती तर इटली तिथल्या तिथे चॅम्पियन. त्यानं त्याची ती प्रसिद्ध छोटी उडी घेतली, बॉल मारला आणि जॉर्डन पिकफर्डनं तो पोस्टकडे ढकलून अडवला. मग इंग्लंडकडून पाचवा आला बुकायो साका. वय वर्षं १९. त्याला गोल करणं भागच होतं. त्याचाही बॉल जानलुइजी डोनारुम्मानं झेपावून अडवला आणि इटली जिंकली.

लागोपाठ दोन किक, दोन्ही अडवलेल्या. पुढे काय झालं बघा. जॉर्जिन्योला त्याच ऑगस्टमध्ये युएफाचा वर्षातला सर्वोत्तम पुरुष खेळाडू हा पुरस्कार मिळाला आणि बॅलन डी'ऑरच्या मतदानात तो तिसरा आला. अर्थात त्यामागे चेल्सीबरोबर जिंकलेली चॅम्पियन्स लीगही होती. साकाला आणि त्याच्याआधी पेनल्टी हुकलेल्या मार्कस रॅशफर्ड आणि जेडन सँचोला त्याच रात्री सोशल मीडियावर वर्णद्वेषी शिव्यांचा भडिमार सहन करावा लागला. जे शिव्या देत नव्हते ते सभ्य भाषेत सांगत होते की पोरांनी कच खाल्ली, मोठ्या मॅचची मेंटॅलिटी नाही.

मग जॉर्जिन्योनं काय खाल्लं होतं? त्याच्याबद्दल हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण त्याची टीम जिंकली होती. फुटबॉलच्या गप्पांमध्ये ‘मानसिक कणखरपणा’ नावाची जी गोष्ट आपण सतत वापरतो, तिची सगळी गोम इथे आहे. तो मॅचच्या आधी कुणाला दिसत नाही, मॅच चालू असताना मोजता येत नाही, आणि मॅच संपली की स्कोअरबोर्डकडे बघून आपण तो वाटून टाकतो. जिंकलेल्यांना भरपूर, हरलेल्यांना शून्य.

*

या भावनेसाठी प्रत्येक फुटबॉलवेड्या भाषेकडे शब्द आहे. इंग्लंडमध्ये ‘बॉटल’ करतात, आणि आपल्याकडचे प्रीमियर लीगवाले तोच शब्द उचलून ‘आर्सेनलनं बॉटल केलं’ म्हणतात. अर्जेंटिनात अशा खेळाडूला ‘पेचो फ्रिओ’ म्हणतात, म्हणजे थंड छातीचा. ब्राझीलमध्ये माणूस ‘पिवळा पडतो’. आपल्याकडे कच खातो. त्याच्यात दम नसतो, जिगर नसते. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर मॅच बघणाऱ्याला विचारा, तो म्हणेल, रग पाहिजे.

गंमत बघा, यातले बहुतेक शब्द शरीराचे आहेत. छाती, श्वास, चेहऱ्याचा रंग. ‘जिगर’ म्हणजे तर सरळ यकृत. दोष खेळाडूच्या आत कुठेतरी अवयवासारखा बसलेला आहे असं ही भाषा गृहीत धरते. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे आहे, ज्याच्याकडे नाही त्याचं काही होऊ शकत नाही. रक्तगटासारखं.

लिओनेल मेस्सीला त्याच्याच देशात वर्षानुवर्षं हे ऐकावं लागलं. २०१६ च्या कोपा अमेरिका फायनलमध्ये चिलीविरुद्ध शूटआउटमध्ये अर्जेंटिनाची पहिलीच पेनल्टी त्यानं बारवरून मारली आणि त्या रात्री राष्ट्रीय टीममधून निवृत्ती जाहीर केली. पुढे ती मागे घेतली. २०२२ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये फ्रान्सविरुद्ध शूटआउटमध्ये अर्जेंटिनाची पहिली पेनल्टी पुन्हा त्यानंच घेतली आणि गोल झाला. मधल्या सहा वर्षांत छातीचं तापमान बदललं का? की भोवतालची टीम बदलली, कोच बदलला, त्याच्या भोवती धावून जागा अडवणारं मिडफिल्ड बदललं? पहिल्या उत्तरावर पोस्टर बनतं. दुसऱ्यासाठी नव्वद मिनिटं नीट बघावी लागतात.

*

तीच नव्वद मिनिटं वेम्बलीच्या फायनलबाबत बघू. लोकप्रिय कथा अशी: इंग्लंडनं दुसऱ्याच मिनिटाला ल्यूक शॉच्या गोलनं आघाडी घेतली आणि मग घाबरून मागे बसले. ‘घाबरून’ हा शब्द इथे फुकटात मिळतो. तो काढून टाकला तर काय उरतं?

उरतं हे. इंग्लंड मागे तीन सेंटर बॅक घेऊन खेळत होतं. मधोमध डेक्लन राइस आणि कॅल्विन फिलिप्स असे दोघेच. इटलीच्या मध्यभागी तिघं: जॉर्जिन्यो, मार्को वेराट्टी आणि निकोलो बरेल्ला. तिघांविरुद्ध दोघं म्हटल्यावर एक जण कायम मोकळा राहतो. सुरुवातीला इंग्लंडचे विंगबॅक वर चढत होते तोवर हे झाकलं गेलं. शॉचा गोलही तसाच आला, उजव्या विंगबॅक ट्रिपियरच्या क्रॉसवर डाव्या विंगबॅकनं पूर्ण केलेला. पण इटलीकडे बॉल टिकायला लागला तसे हे दोघं मागे ढकलले गेले आणि शेवटची फळी पाच जणांची झाली. आता बॉल परत मिळाला तरी तो पुढे न्यायला माणूसच जवळ नाही. मग लांब किक, मग पुन्हा बॉल इटलीकडे.

दुसऱ्या हाफमध्ये दहा मिनिटांच्या आत रोबेर्तो मान्चिनीनं दोन बदल केले. स्ट्रायकर चिरो इमोबिले बाहेर, आणि पुढे ठरलेला स्ट्रायकरच नाही, म्हणजे इंग्लंडच्या तीन सेंटर बॅकना धरायला कुणी उरलं नाही. ६७ व्या मिनिटाला कॉर्नरवरून बोनुच्चीनं बरोबरी केली. गॅरेथ साउथगेटचा पहिला बदल ७० व्या मिनिटाला आला. ट्रिपियर बाहेर आणि साका आत, म्हणजे मागे पुन्हा चार. तोवर गोल होऊन गेला होता.

आता सांगा, मागे बसणं ही भीती होती की गणित? मैदानावर उभ्या असलेल्या खेळाडूला भीती वाटतही असेल. पण डोळ्यांसमोर तिघं आणि आपण दोघं असताना अख्ख्या जगातला सगळ्यात शूर मिडफिल्डरही मागेच सरकणार, कारण पुढे गेला तर त्याच्या पाठीमागे भगदाड पडतं. डावपेचातली उणीव टीव्हीच्या पडद्यावर स्वभावातल्या उणिवेसारखी दिसते. कॅमेरा बॉलच्या मागे असतो, मोकळ्या जागेच्या मागे नाही.

*

मग आला तो प्रसिद्ध १२० वा मिनिट. एक्स्ट्रा टाइम संपत आला असताना साउथगेटनं रॅशफर्ड आणि सँचोला केवळ पेनल्टीसाठी आत पाठवलं. बॉलला जेमतेम पाय लागतोय तोवर शिट्टी. रॅशफर्डचा बॉल पोस्टला लागला, सँचोचा डोनारुम्मानं अडवला. झालं, सगळ्या जगाला धडा मिळाला: थंड पायांनी आलेल्या पोरांना पेनल्टी देऊ नये.

धडा पटण्यासारखा आहे. पण १८ डिसेंबर २०२२ ला लुसैलमध्ये लिओनेल स्कालोनीनं तंतोतंत हेच केलं. वर्ल्ड कप फायनल ३-३, एक्स्ट्रा टाइमची शेवटची मिनिटं, आणि निकोलस टाग्लियाफिकोच्या जागी पाउलो डिबाला मैदानात, पेनल्टीसाठीच. डिबालानं गोल केला. त्या बदलाला आज ‘मास्टरस्ट्रोक’ म्हणतात. साउथगेटच्या बदलाला ‘भ्याड’ म्हणतात, किंवा ‘अतिशहाणा’.

त्याच फायनलमधला गोन्सालो मोंतिएल घ्या. त्याच्या हाताला बॉल लागला, फ्रान्सला पेनल्टी मिळाली, ११८ व्या मिनिटाला एमबाप्पेनं ३-३ केलं. काही मिनिटांनी शूटआउटमधली निर्णायक पेनल्टी त्याच मोंतिएलनं मारली आणि अर्जेंटिना जगज्जेता झाला. आता ही गोष्ट आपण ‘काय काळीज आहे!’ अशी सांगतो. पण मध्ये एक क्षण विसरतो: शूटआउटच्या आधी, अगदी शेवटच्या क्षणी रॅन्डल कोलो मुआनी गोलसमोर एकटा होता आणि एमिलियानो मार्टिनेझनं पाय पसरून तो बॉल अडवला. तो आत गेला असता तर मोंतिएल आयुष्यभर हातवाला राहिला असता. त्याचं काळीज तेच असतं. फक्त ते दाखवायला त्याला संधी मिळाली नसती, आणि आपण म्हटलं असतं, नव्हतंच.

डोनारुम्माचा किस्सा तर याहून भारी आहे. साकाची पेनल्टी अडवल्यावर तो नाचला नाही, ओरडला नाही, शांतपणे चालू लागला. क्लिप जगभर फिरली: बघा, बर्फासारखा माणूस! नंतर त्यानंच सांगितलं की आपण जिंकलोय हे त्याला कळलंच नव्हतं. आपण ज्याला कणखर मन म्हणून टाळ्या दिल्या तो हिशोबातला गोंधळ होता.

*

थोडं गणित करू. शूटआउटमधल्या साधारण चार पेनल्टींपैकी तीन आत जातात असं धरा. मग एका टीमच्या पाचही पेनल्टी आत जाण्याची शक्यता किती? पाऊण गुणिले पाऊण असं पाच वेळा केलं की उत्तर येतं २४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पाचही जण नेहमीसारखेच चांगले खेळले तरी चारातल्या तीन वेळा त्यांच्यातल्या कुणाची तरी हुकणार. दोन्ही टीमच्या मिळून दहाच्या दहा आत जाण्याची शक्यता सहा टक्केसुद्धा नाही.

शूटआउटची रचनाच अशी आहे की कुणीतरी चुकेपर्यंत ते थांबू शकत नाही. त्याला एक चुकणारा माणूस लागतोच. आणि तो मिळाला की आपण म्हणतो, सापडला, याच्यातच काहीतरी कमी होतं. १९९४ च्या फायनलमध्ये रोबेर्तो बाज्जोची पेनल्टी बारवरून गेली तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय. त्याच्या आधी इटलीच्या बारेसी आणि मास्सारोच्याही हुकल्या होत्या. बाज्जोनं गोल केला असता तरी ब्राझीलची एक किक बाकी होती. आणि बाद फेरीत पाच गोल करून इटलीला फायनलपर्यंत आणलं होतं ते त्यानंच. पण इतिहासात उरला तो पाठमोरा, मान खाली घातलेला माणूस.

जॉर्जिन्योचंही पुढे गणितानंच पाहिलं. २०२२ च्या वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत त्यानं स्वित्झर्लंडविरुद्ध दोन पेनल्टी घालवल्या, एक बाझेलमध्ये, एक रोममध्ये. दोन्ही मॅच बरोबरीत सुटल्या. इटलीला प्लेऑफ खेळावा लागला, तिथे उत्तर मॅसिडोनियानं घरच्या मैदानावर १-० हरवलं, आणि युरो चॅम्पियन वर्ल्ड कपला गेलेच नाहीत. उडी तीच, पाय तोच, माणूस तोच. वेम्बलीतल्या किकलाही हेच होऊ शकलं असतं. तिथे त्याच्यानंतर साका होता, एवढाच फरक.

*

मग मन वगैरे काही नसतंच का? असतं, आणि मला ते नाकारायचं नाही. नॉर्वेचा संशोधक गैर जोर्डेट अनेक वर्षं शूटआउटचे व्हिडिओ बघून खेळाडूंचं वागणं मोजतोय. त्याचं एक निरीक्षण फार बोलकं आहे. रेफरीची शिट्टी वाजल्यावर किक मारायला इंग्लंडचे खेळाडू बाकी देशांपेक्षा कमी वेळ घेत. म्हणजे बॉल ठेवला, शिट्टी झाली आणि धावलेच. ताण असह्य होतो तेव्हा माणूस चांगलं करण्यापेक्षा लवकर संपवण्याच्या मागे लागतो. व्हायवाच्या वेळी पाठ केलेलं एका दमात ओकून टाकणाऱ्या पोरासारखं. दुसरं निरीक्षण: जी पेनल्टी गेली तर जिंकतो ती मारणारे जास्त यशस्वी होतात, जी चुकली तर हरतो ती मारणारे बरेच कमी. साकाची दुसऱ्या प्रकारची होती.

याचा अर्थ दडपण खरं आहे. पण बघा, ते रक्तगटासारखं राहिलं नाही. ते शिट्टीनंतरच्या सेकंदांमध्ये दिसतं आणि मोजता येतं. जे मोजता येतं त्याचा रियाज करता येतो. आपण गाणाऱ्याला ‘याच्याकडे सूर आहे’ म्हणतो तेव्हा त्यामागचे पहाटेचे तास आपल्याला माहीत असतात. फुटबॉलपटूला मात्र आपण रियाजाशिवाय धैर्य मागतो.

इंग्लंड १९९० ते २०१२ या काळात वर्ल्ड कप आणि युरोमध्ये सात शूटआउट खेळलं आणि सहा हरलं. त्यातल्या १९९६ च्या सेमीफायनलमध्ये पेनल्टी हुकलेला खेळाडू होता गॅरेथ साउथगेट. हाच माणूस पुढे कोच झाल्यावर त्यानं पेनल्टीला नशीब किंवा हिंमत मानणं सोडलं आणि सरावाचा विषय केलं. २०१८ मध्ये कोलंबियाविरुद्ध इंग्लंड जिंकलं. २०२१ मध्ये हरलं. ६ जुलै २०२४ ला ड्युसेलडॉर्फमध्ये, युरोच्या क्वार्टर फायनलमध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध पाचपैकी पाच गोल: पामर, बेलिंगहॅम, साका, टोनी, अलेक्झांडर-आर्नोल्ड.

त्या रात्री काय वेगळं होतं? कोल पामर ७८ व्या मिनिटापासून मैदानात होता. टोनी आणि अलेक्झांडर-आर्नोल्ड एक्स्ट्रा टाइमच्या दुसऱ्या हाफमध्ये आले, शेवटच्या सेकंदाला नाही. पेनल्टी मारून परत येणाऱ्याला गाठायला एक सहकारी पुढे जात होता, म्हणजे गोल होवो न होवो, मधल्या वर्तुळापर्यंतचा तो लांबलचक रस्ता एकट्यानं चालायचा नाही. आणि पिकफर्डच्या पाण्याच्या बाटलीवर कागद चिकटवलेला होता: कोण कुठे मारतो, कुठे झेप घ्यायची. मॅन्युएल आकांजीच्या नावापुढे ‘डावीकडे’ होतं. स्वित्झर्लंडची पहिलीच पेनल्टी आकांजीनं मारली, पिकफर्ड डावीकडे झेपावला आणि अडवली. वर्षानुवर्षं ज्यांना ‘बॉटल’ म्हणून हिणवलं त्यांना शेवटी बॉटलनंच वाचवलं.

यातल्या कशानंही जिंकण्याची हमी मिळत नाही. आठच दिवसांनी तीच टीम स्पेनविरुद्ध फायनल हरली, नव्वद मिनिटांतच. हॅरी केन हा त्यांचा सगळ्यात अनुभवी पेनल्टी घेणारा, आणि २०२२ मध्ये फ्रान्सविरुद्ध एकाच मॅचमध्ये त्यानं एक गोल केला आणि दुसरी पेनल्टी बारवरून मारली. तयारी फक्त शक्यता वाढवते. पण तयारीवर प्रश्न विचारता येतो, तिच्यात सुधारणा करता येते. ‘जिगर नाही’ यावर काय करता येतं? माणूस बदला, एवढंच.

*

२०२१ च्या फायनलनंतर एक मत फार जोरात होतं, रॉय कीनसारखा माजी खेळाडूसुद्धा ते बोलला: १९ वर्षांच्या पोराला पाचवी पेनल्टी घेऊ दिली, मोठे कुठे होते? ग्रीलिश, स्टर्लिंग पुढे का आले नाहीत? ऐकायला रास्त वाटतं, घरातला कर्ता पुरुष कुठे होता या धाटणीचं. पण ग्रीलिशनं जाहीरपणे सांगितलं की त्याला घ्यायची होती, क्रम कोचनं ठरवला होता. साउथगेटनंही ती जबाबदारी आपली असल्याचं मान्य केलं आणि निवड सरावावरून केल्याचं सांगितलं. म्हणजे जी गोष्ट एका निर्णयप्रक्रियेची होती, तिच्यात आपण आधी एका पोराचा आणि मग दोन थोरांचा स्वभाव शोधला.

मी ज्या कामात आहे तिथे सर्व्हर मध्यरात्री बंद पडला की दुसऱ्या दिवशी मीटिंग होते आणि तिचा नियम असतो: ‘कुणाच्या चुकीनं’ हे उत्तर चालणार नाही. कुणीतरी चुकीची कमांड दिली असेल, पण ती चालू कशी दिली गेली? तपासणी कुठे सुटली? हा नियम दयेपोटी नाही. माणसाचं नाव मिळालं की चौकशी थांबते आणि बिघाड तिथेच राहतो, म्हणून आहे. ‘कच खाल्ली’ हे नेमकं असं चौकशी थांबवणारं उत्तर आहे. त्यानंतर तिघांविरुद्ध दोघं का होते हे कुणी विचारत नाही, पहिला बदल ७० व्या मिनिटापर्यंत का थांबला हे विचारत नाही, दोघांना १२० व्या मिनिटाऐवजी ११० व्या मिनिटाला का आणलं नाही हेही नाही.

आणि चौकशी थांबली की नुसता दोष उरतो. तो मग सगळ्यात सोप्या माणसावर जाऊन बसतो. केनवर टीका झाली, जोक झाले, पण त्याचं इंग्लिश असणं कुणी काढून घेतलं नाही. साका, रॅशफर्ड, सँचोच्या बाबतीत ‘यांच्यात दम नाही’ पासून ‘हे आपले नाहीत’ पर्यंतचं अंतर एका रात्रीत कापलं गेलं. रॅशफर्डनं नंतर लिहिलं त्याचा आशय असा होता की पेनल्टीबद्दल मी माफी मागेन, मी जो आहे त्याबद्दल कधीच नाही. त्याला हा फरक सांगावा लागला, कारण या भाषेनं तो आधीच पुसून टाकला होता. दोष खेळाडूच्या आत आहे असं एकदा म्हटलं की ‘आत’ म्हणजे नेमकं कुठे, हे कोण ठरवणार? कुणी छाती म्हणेल, कुणी कातडी म्हणेल.

२०२४ मध्ये साकानं आधी बरोबरीचा गोल केला आणि मग तिसरी पेनल्टी आत घातली, तेव्हा सगळीकडे एकच हेडिंग होतं: साकानं करून दाखवलं, कणखरपणा सिद्ध केला. प्रेमानं लिहिलेलं होतं, मान्य. पण त्यात जुनाच आरोप लपलेला आहे, की तीन वर्षं तो आरोपी होता आणि आता निर्दोष सुटला. मधल्या काळात, जानेवारी २०२३ मध्ये, जॉर्जिन्यो आर्सेनलमध्ये आला होता. वेम्बलीत लागोपाठ पेनल्टी हुकलेले दोघं आता एकाच ड्रेसिंग रूममध्ये कपडे बदलत होते. त्यातल्या एकालाच स्वतःला सिद्ध करायचं होतं.

पुढच्या वेळी आपली टीम हरेल आणि जिभेवर तो शब्द येईल, तेव्हा आधी रिप्ले लावा आणि बॉल सोडून बाकीची माणसं मोजा. तो शब्द कुठे जात नाही, नंतरही वापरता येईल. बहुतेक वेळा लागणार नाही.